नावेतल्या पंपाची दांडी

आमच्या गोठ्यामागं एक लोखंडी पाइप पडलेला आहे. वाकडा, गंजलेला, टोकाला जाळीचा डबा. भंगारवाला दर उन्हाळ्यात येतो आणि दर उन्हाळ्यात मी त्याला हाकलून देते. सुना म्हणतात, देऊन टाका, उगीच जागा अडलीय. मी म्हणते, याच्याहून जास्त जागा अडवून बसलेली माणसं या घरात होऊन गेली, त्यांना कुणी भंगारात दिलं नाही.

तो पाइप नावेचा आहे. आमच्या घरी नाव होती आणि नावेत इंजिन होतं म्हटलं की नातवंडं हसतात. हसा म्हणावं. भीमेवर पूल झाला, तुम्हाला हसायला काय जातंय. आमच्या वेळी अलीकडच्या माणसाला पलीकडं महाराष्ट्रात जायचं तर आमच्याच नावेत बसावं लागे. करजगीकडची माणसं, पलीकडं दिलेल्या लेकी, शेळ्या, सायकली, बियाण्याची पोती, सगळं आमच्या नावेतून जायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या काठाला म्हैसूर म्हणत. नावेत इंजिन बसलं तोवर त्याचं कर्नाटक झालं होतं. नदीला त्याचं काही नव्हतं आणि आमच्या घरालाही नाही. घरात राज्य एकाचंच होतं, ते म्हणजे थोरले दीर.

त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणायची, पण पाठीमागं. समोर म्हणायची सोय नव्हती. थोरल्या दिराशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते आले की पदर पुढं ओढायचा आणि भिंतीला लागायचं. त्यांनीही आपल्याशी बोलायचं नाही. अण्णा ही रीत फार कडक पाळत. माझ्याशी ते कधी बोलले नाहीत, पण माझ्याबद्दल बोलायला त्यांना दिवस पुरत नसे. मी दोन हातांवर ताटात भाकरी वाढत असताना ते सासूबाईंना म्हणत, "अव्वा, ह्या घरात मीठ संपलंय का उतू जायलंय, इचार जरा." सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, दोन हातांवर बसलेल्या मला विचारत, "मीठ संपलंय का गं?" मी त्यांना सांगे, "न्हाई म्हणावं." त्या अण्णांना सांगत, "न्हाई म्हणतीय." असा आमचा संसार चालायचा. माझ्या जावेला, अक्काला, यात काही वावगं वाटायचं नाही. तिच्या नवऱ्याचंच राज्य होतं, वावगं वाटायचं कारण काय.

इंजिनाची कल्पना आमच्या ह्यांची. हे धाकटे. काही वर्षं सोलापुरात पंप दुरुस्तीच्या दुकानात काढून आले होते, आणि तिथून आल्यापासून त्यांना दुनियेतल्या प्रत्येक वस्तूला पंप जोडावासा वाटे. एकदा शेतात इंजिन चालू असताना पुढचा रबरी पाइप निसटला. पाण्याच्या जोरानं तो असा उसळला की ह्यांच्या छातीवर बसला आणि हे मागच्या मागं उसात पडले. दुसरा माणूस शिव्या देत उठला असता. हे हसत उठले आणि म्हणाले, "माणसाला पाडायलाय तर नाव ढकलंल की." मला वाटलं, डोक्याला मार लागला.

पण जमलं. जुन्या नावेत मागच्या बाजूला ह्यांनी शेतातलं इंजिन आणि पंप घट्ट बसवला. एक पाइप नदीतून पाणी ओढायचा आणि दुसरा तेच पाणी मागं जोरात फेकायचा. पाणी मागं गेलं की नाव पुढं जायची. फेकणारा पाइप ह्यांच्या हातात असे. तो डावीउजवीकडं वळवला की नाव वळायची. वल्ही लागत नव्हती, पंखा खाली लोंबत नव्हता. वेग काय फार नव्हता, पण भरल्या पाण्यात वल्ह्यानं नाव जिथं कुठल्या कुठं वाहवत जायची, तिथं ही सरळ जायची.

खरी गोम ओढणाऱ्या पाइपात होती. त्याच्या टोकाला जाळीचा डबा असतो, त्याला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. विहिरीत तो एकदा सोडला की विषय संपला. नदीचं तसं नाही. भीमेच्या पोटात वाळूचे ढीग आहेत आणि ते दर पुराला जागा बदलतात. फुटबॉल खोल ठेवला आणि खाली वाळू आली की पंप पाण्याबरोबर वाळू ओढतो, मग ती वाळू आतली चाकं खाऊन टाकते. वर ठेवला तर पुरात वाहून आलेली धाटं, पाला, फेस जाळीला चिकटतो, नाहीतर चार माणसं एकदम उठली आणि नाव कलली की फुटबॉल उघडा पडतो, पंप हवा धरतो आणि इंजिन नुसतं बोंबलत बसतं. म्हणून ह्यांनी तो पाइप वरखाली होईल असा केला. सांध्यात वळणारा, त्याला एक लांब दांडी, आणि दांडी अडकवायला भोकं पाडलेली पट्टी. खोल पाणी आलं की दांडी उचलायची, फुटबॉल खाली जाई. पाणी उथळ झालं की दांडी दाबायची, फुटबॉल वर येई. खिळा भोकात घालायचा आणि पुढच्या पाण्याकडं लक्ष ठेवायचं. येणाऱ्या पाण्याच्या आधी दांडी हलली पाहिजे, ते येऊन गेल्यावर हलवून उपयोग नाही.

त्या दांडीवर बसायला कुणी गडी तयार होईना. मागं धूर, आवाज, अंगावर उडणारं पाणी, आणि सगळ्या गावासमोर नावेच्या शेपटाशी बसायचं. अक्काच्या भावाला बसवून पाहिलं. हा पाहुणा म्हणून आमच्याकडं आला होता आणि जेवण आवडलं म्हणून राहिला होता. त्यानं पहिल्याच दिवशी तंबाखू मळायला दांडी सोडली आणि पंपानं हवा धरली. मग हे मला म्हणाले, "तू बस. शेतात तूच तर फुटबॉल धुतीस." मी बसले.

मला ती जागा आवडली. खोटं कशाला बोलू, या घरात येऊन पहिल्यांदा मला काहीतरी आवडलं. हातात दांडी आली की चूल, अक्का, शेणाच्या पाट्या, सगळं काठावर राहायचं. हाताला पाणी कळायचं. खोल पाण्यात दांडी शांत, वाळूजवळ आली की तिला बारीक थरथर सुटायची. नाव पलीकडं लागली की लोक उतरायचे आणि मी दहा श्वास कुणाची सून नसायची. ती दांडी माझ्या हातातून जाऊ नये, एवढंच मला तेव्हा हवं होतं. सोनंनाणं कधी मागितलं नाही, पण दांडी मागितली असती तर भांडून घेतली असती.

आता गंमत ऐका. पाणी किती आहे हे मला सांगणार कोण? अण्णा. ते नावेच्या नाकाशी बांबू घेऊन उभे राहत. बांबू तळाला टेकवून खोली बघणं हे त्यांचं काम, ते त्यांना येतही होतं. त्यांनी बघायचं, मी दांडी हलवायची. आणि आमच्या दोघांचं बोलणं बंद.

म्हणून आत्याबाई नावेच्या मध्यावर बसत. अण्णा बांबू काढून पुढं बघतच म्हणत, "अव्वा, कंबरेएवढं." इंजिनाच्या आवाजात ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून आत्याबाई मागं वळून आपल्या कंबरेला हात लावून दाखवत. मांडीएवढं असलं की मांडीवर थाप. गुडघा आला की गुडघा. गळ्याला हात लावला की मी फुटबॉल पार खाली सोडून द्यायची. नवीन उतारूंना वाटायचं, म्हातारीच्या अंगात येतंय.

मी ह्यांच्याकडून निरोप पाठवला होता, अण्णांनी नुसता हात वर करावा, खाली करावा, मला कळेल. त्यावर अण्णा आत्याबाईंना म्हणाले, "बायामाणसाला हातवारे करू व्हय मी? मांडी दाखवू? गाव काय म्हनंल?" गाव काय म्हणेल याची त्यांना भारी काळजी. त्यांचा मेहुणा दुपारभर आमच्या ओसरीत घोरायचा, त्याबद्दल गाव काय म्हणायचं ते मी त्यांना सांगितलं असतं, पण बोलणं बंद.

आत्याबाई म्हाताऱ्या. निरोप फिरून येईतो नाव हातभर पुढं गेलेली असे. त्यामुळं मी हळूहळू त्यांच्या हाताकडं बघायचं सोडून पाण्याकडं बघायला लागले. वाळूवरचं पाणी वेगळं दिसतं. त्यावर बारीक सुरकुत्या असतात आणि रंग फिका असतो. आत्याबाई गुडघ्याला हात लावायच्या आधीच माझी दांडी दबलेली असायची. हे अण्णांच्या लक्षात आलं. त्यांना ते आवडलं नाही हे मला त्यांच्या पाठीवरून कळायचं.

इंजिनाची नाव चालवायला परवानगी लागते असं निघालं. तालुक्याहून दोन साहेब बघायला येणार, नावेत बसून पलीकडं जाऊन येणार, मग ठरवणार. नाही म्हणाले तर इंजिन परत शेतात आणि मी परत चुलीपुढं. मी रात्रंदिवस तेच घोकत होते. आदल्या दिवशी मी फुटबॉलची जाळी काथ्यानं घासून लख्ख केली. अक्का नाक मुरडून म्हणाली, "देवाचं भांडं बी येवढं घासत न्हाईस की."

साहेब आले. त्यांना नावेच्या फळीवर कसं बसवायचं, म्हणून अण्णांनी शाळेतून दोन खुर्च्या आणवल्या आणि नावेच्या मधोमध मांडल्या. मधोमध म्हणजे आत्याबाईंच्या जागी. साहेबांच्या पायाशी म्हातारी कशी बसवणार, म्हणून आत्याबाई काठावर राहिल्या. हे सगळं ठरलं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की मधला निरोप्याच गेला. की अण्णांच्या डोक्यात आलं होतं? मी आजही म्हणते, आलं होतं. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी जिवंतपणी त्यांच्याशी बोलूच शकले नाही, तर कधी बोलायचं?

जाताना खोल पाण्यातून गेलो, काही झालं नाही. येताना ऊन वर आलं आणि एका साहेबांनी छत्री उघडली. छत्रीआड अण्णा गेले, त्यांचा बांबू गेला आणि नदीचा निम्मा पट्टाही गेला. हे कानात कापूस घालून फेकणारा पाइप सांभाळत होते. वाळूचा मोठा ढीग मधेच कुठंतरी होता, आणि त्याच्यावर किती पाणी आहे ते फक्त बांबूवाल्याला ठाऊक. मी वाट पाहिली. दांडीला बारीक थरथर सुटली. मी पुन्हा वाट पाहिली. मग मी उभी राहिले, पदर गेला कुठं ते बघितलं नाही, आणि नदीभर ऐकू जाईल अशी ओरडले, "अण्णा, पाणी किती?"

छत्री हलली. अण्णांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदा सरळ तोंडाकडं. त्यांनी ऐकलं होतं, साहेबांनीही ऐकलं होतं. अण्णांनी ओठ घट्ट मिटले आणि परत पुढं बघायला लागले. बांबू हातात तसाच होता.

मी दांडी दाबली, पार शेवटच्या भोकापर्यंत. फुटबॉल पाण्याच्या अंगालगत आला, इंजिन एकदा ठसकलं, जाळीखालून वाळू पिवळीधमक सरकत गेलेली मला दिसली. नाव आपल्या जोरावर ढिगावरून पार झाली. मी दांडी उचलली, पंपानं पाणी धरलं, आणि आम्ही काठाला लागलो. साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांना गार वारा आवडला. परवानगी मिळेल असं ते खुर्चीतून उठतानाच म्हणाले.

काठावर ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. मला वाटलं, घरी गेल्यावर कुणीतरी म्हणेल, बाई, तुझ्यामुळं पार पडलं. घरी अण्णा ओसरीत बसले होते. भिंतीकडं बघत ते आत्याबाईंना म्हणाले, "अव्वा, साहेबांम्होरं आपल्या घरची सून डोस्कं उघडं टाकून दिराला हाका मारायलीय. इंजिन चाललं, घर बुडालं." अक्कानं डोळ्याला पदर लावला, रडायला काही आलं नसताना. आत्याबाई म्हणाल्या, "उद्यापून ती नावंत न्हाई."

मी ह्यांच्याकडं बघितलं. नवरा म्हणून एकदा तरी तोंड उघडेल असं वाटलं. हे बोटानं कानातला कापूस काढत होते. म्हणाले, "बरं." एवढंच. त्या एका शब्दाबद्दल मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही, आणि ते जाऊनही बरीच वर्षं झाली.

दुसऱ्या दिवसापासून अक्काचा भाऊ दांडीवर बसायला लागला. त्याच्याशी अण्णा खुशाल बोलत, हातवारे करत, मांडी काय पोट काय, सगळं दाखवत. मी खालच्या घाटावर घागर घेऊन जायची आणि काठावरून बघायची. पाणी होतं तोवर चाललं. पुढं पाऊस सरला, नदी उतरायला लागली. शेवटच्या पुरानं वाळूचा ढीग आमच्या काठाकडं सरकवला होता. मी रोज पाणी भरत होते, मला दिसत होतं. जिथनं नाव यायची तिथं म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या राहायला लागल्या होत्या. मी जेवताना ह्यांना सांगितलं, "वाळू हिकडं सरकलीया. घाटाम्होरंच हाय." हे म्हणाले, "अण्णाला म्हाईत हाय."

अण्णाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी घागर बुडवत होते, शेजारी आत्याबाई उतारूंची वाट बघत बसल्या होत्या. सुगीत नावेच्या भाड्यापोटी कोण किती ज्वारी घालणार याची आठवण त्या प्रत्येकाला उतरतानाच करून देत. नाव पलीकडून येत होती. पुढं अण्णा, पण बांबू मांडीवर आडवा, आणि तोंड कुणा पाहुण्याकडं वळलेलं. त्यांना नदी पाठ होती ना. मागं अक्काचा भाऊ, डाव्या तळहातावर तंबाखू. दांडी पार वर होती, म्हणजे फुटबॉल तळाशी. आणि नाव सरळ म्हशींच्या जागेकडं येत होती.

ह्यांना माझी हाक ऐकू जाणार नव्हती, इंजिन त्यांच्या कानाशी. अक्काच्या भावाचंही तेच. ऐकू शकत होते ते एकटे अण्णा, नावेच्या नाकाशी, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. "अण्णा, वाळू!" एवढे दोन शब्द लागत होते. ते माझ्या गळ्यापर्यंत आले. मग मी पदर नीट केला, भिंतीला लागून उभी राहावी तशी घाटाच्या दगडाला लागून उभी राहिले, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

आधी इंजिनाचा आवाज जाड झाला. मग पंपातून दात खाल्ल्यासारखा करकर आवाज आला, मागं फेकलेलं पाणी मातकट झालं, मग नुसतं थुंकल्यासारखं आलं, आणि काहीतरी आत मोडल्याचा ठणका काठापर्यंत ऐकू आला. नाव वाळूवर बसली. कुणाला काही झालं नाही. लोक चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून शिव्या देत चालत आले. हे पंपापाशी वाकले, पाइप सोडवला, आत हात घातला, आणि मूठ मूठ वाळू काढून पाण्यात टाकत राहिले. त्यांचं मला वाईट वाटलं. जन्मात त्यांनी एकच गोष्ट स्वतःच्या डोक्यानं केली होती. त्यांच्यासाठी मी ओरडले असते, पण हाक त्यांना ऐकू गेली नसती.

अण्णा भिजलेलं धोतर गोळा करत घाटावर आले. ते आत्याबाईंकडं गेले नाहीत. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. "हितनं दिसत व्हतं न्हवं तुला? म्हशी उभ्या ऱ्हात्यात ती जागा, रोज बघतीस न्हवं? कामून बोलली न्हाईस?"

मी पदर आणखी पुढं ओढला. तोंड आत्याबाईंकडं वळवलं आणि म्हणाले, "आत्याबाई, त्यास्नी सांगा, थोरल्या दिराला हाक मारायची न्हाई असं आपल्या घरात ठरलंय."

अण्णा आमच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वाळूवर बसलेल्या नावेकडं. मग सवयीनं मान वळवून त्यांनी निरोप पोचवला, शब्द न शब्द. आणि अण्णांनी तो उभ्याउभ्या परत एकदा ऐकून घेतला.